कोपभवनातील आरसा

दादरा, सिल्वासा आणि त्यांच्या आसपासच्या वारली वस्त्यांत लग्नप्रसंगी घरातील भिंतीवर ‘चौक’ लिहिण्याची चाल आहे. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी हा चौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. वारली चित्रांतील स्त्रीपुरुषांना डोके आहे, हातपाय आहेत, गती आहे. परंतु नाक, डोळे, ओठ यांचा मागमूस नाही. स्त्रीने काढलेली स्त्री येथे तिच्या कामावरून आणि अंगाच्या वळणावरून ओळखावयाची. हुबेहूब चेहरा उमटविणारे यंत्र या देशात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. ते आल्यावर स्त्रीचे चित्र कोणाच्या हाती गेले, आणि ते पुन्हा तिच्या हाती कसे येऊ लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास कारण आहे. स्त्रीने एकांतात, घरगुती वा अल्प वस्त्रांत, केवळ स्वतःकरिता आपले छायाचित्र काढवून घ्यावे, ही प्रथा पाश्चात्य देशांतून आपल्या शहरांतही आली आहे. बाळंतपणाने, वयाने वा शस्त्रक्रियेने पालटलेले शरीर पुन्हा आपलेसे करण्याचा तो मार्ग होय, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. या प्रकारास ‘बुद्वार’ छायाचित्रण असे नाव आहे. ‘बुद्वार’ म्हणजे स्त्रीची खासगी खोली. आणि हा फ्रेंच शब्द निघाला आहे तो ‘रुसणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून. वाचकांस येथे कैकेयीच्या कोपभवनाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु कोपभवनात स्त्री जाते ती दुसऱ्याने आपली समजूत घालावी म्हणून. तेथे तिने स्वतःचीच समजूत घालावी, ही कल्पना मात्र नवी आहे.

मुंबईस छायाचित्रकारांची सभा स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय व्यावसायिक पुढे आले. १८५६ च्या अखेरीपासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी छायाचित्रांचा एक मासिक संग्रह काढण्यास आरंभ केला. पुढे जॉन्सन यांनी मुंबईतील जातिजमातींविषयी दोन खंड १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले. या चित्रांखाली माणसाचे नाव नसे. जात वा धंदा तेवढा असे. इतकेच नव्हे, तर या खंडांत माणसांच्या आकृती कापून दुसऱ्याच एखाद्या देखाव्यावर बसविलेल्या आहेत. स्त्रीला चेहरा मिळाला खरा. पण तिचे नाव गेले, आणि पायाखालची जमीनही गेली.

त्याच १८५६ साली पॅरिसमध्ये याच्या अगदी उलट घडत होते. कास्तिल्योने येथील काउंटेस व्हर्जिनिया ओल्दोइनी हिने प्येर-लुई प्येरसों या छायाचित्रकाराकडून स्वतःची चित्रे काढवून घेण्यास सुरुवात केली, आणि तो क्रम तिने जवळजवळ चाळीस वर्षे चालविला. अशी चारशेहून अधिक चित्रे आहेत. वेष तिने ठरवावा, बैठक तिने ठरवावी. कॅमेरा प्येरसोंचा, पण दृष्टी तिची. तथापि या कथेचा शेवट विचार करण्यासारखा आहे. उतारवयात ही बाई खिडक्या बंद करून आणि आरसे झाकून राहिली. आपल्या प्रतिमेवर पूर्ण सत्ता मिळाली म्हणजे आपण आपल्याला मान्य होतोच असे नाही, हाच तिच्या चरित्राचा इत्यर्थ आहे, असे आम्हांस वाटते.

मग आणखी काय हवे? याचे उत्तर दख्खनमध्येच सापडते. मराठवाडा ज्या राज्याचा भाग होता त्या हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली खास स्त्रियांसाठी ‘जनाना’ चित्रशाळा उघडली. तिचे आवार उंच भिंतींनी वेढलेले होते आणि चित्रे घेण्याचे काम केनी-लेव्हिक या आंग्ल बाईंकडे होते. पडद्यातील स्त्री तेथे निःशंकपणे बसू शकली, कारण यंत्रामागेही स्त्रीच होती. येथे सत्तेपेक्षा विश्वास मोठा ठरला.

या विश्वासाचे पुढचे पाऊल टाकले ते दादऱ्याच्या उत्तरेस असलेल्या नवसारीच्या कन्येने. होमाई व्यारावाला यांचा जन्म तेथे १९१३ साली झाला. शिक्षण मुंबईस, जे. जे. कलाशाळेत. आपल्या सहाध्यायिनींची, विशेषतः रेहाना मोगल यांची, त्यांनी घेतलेली चित्रे पाहिली म्हणजे लक्षात येते की, या मुली कोणासाठी नटून बसलेल्या नाहीत. मैत्रिणीच्या नजरेत त्या जशा आहेत तशा आहेत. मात्र होमाईबाईंची आरंभीची चित्रे प्रसिद्ध झाली ती त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने. भारताच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईंना पद्मविभूषण मिळाले ते २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. दुसरीला तिचा चेहरा देणारीस स्वतःच्या नावासाठी वाट पाहावी लागली, ही खंत बाळगूनच हा इतिहास वाचावा लागतो.

आजच्या प्रथेविषयीही आमचे मत याच अनुभवावर आधारलेले आहे. ती निर्लज्जपणाची म्हणून धिक्कारणे हा न्याय नव्हे. आणि चित्र काढले की मन निवते, हा आशावादही भाबडा आहे. चित्र कोणाच्या इच्छेने निघाले, कोणापुढे निघाले आणि ते पुढे कोणाच्या हाती राहिले, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. तिसरा प्रश्न तर कायद्यानेही ओळखला आहे. चित्र घेण्यास स्त्रीची संमती असली, तरी ते इतरांस दाखविण्यास ती होतेच असे नाही. अशा संमतीवाचून तिचे खासगी चित्र पसरविणे हा अपराध आहे. २०१३ साली दंडविधानात आलेला हा भेद भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात कायम आहे. घरोघरी हातात यंत्र आलेल्या या काळात तो भेद प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावा, इतक्या महत्त्वाचा आहे.

लग्नाचा चौक एकटी स्त्री लिहीत नाही. चार सवाशिणी मिळून लिहितात, आणि तो ज्या घराचा, त्याच घरात राहतो. इच्छा, सोबत आणि स्वामित्व या तिन्ही गोष्टी त्या पिठाच्या रेषांत होत्या. नव्हता तो केवळ चेहरा. यंत्राने चेहरा दिला. त्या चेहऱ्याभोवती उरलेल्या तीन गोष्टी पुन्हा उभ्या करणे हे मात्र यंत्राचे काम नव्हे, ते आपले आहे.