हात दूर ठेवणारी दोरी

बीड जिल्ह्यांतील विहिरींवर चालणारी सोंडेची मोट माझ्या पिढीनें बालपणीं पाहिली आहे. बैल धावेवरून उतरूं लागले कीं जाड नाडा मोटेला वर ओढी, आणि सोंदूर नांवाची बारीक दोरी सोंडेचें तोंड आवरून धरी. मोट वर येतांच ही दोरी सोंडेला थारोळ्यावर ओढी व पाणी आपोआप रितें होई. उत्तरेकडील बिनसोंडेच्या चरसाला मात्र काठावर दुसरा माणूस लागे. भरलेला चरस तो हातानें ओढून घेई. आमच्या दोरीनें तो हात वांचविला.

पुढें १९७१ सालीं परळीचें औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें. अशा कामांत कित्येक टनांचे यंत्रभाग क्रेनला टांगून हलवावे लागतात. उचलण्याच्या सांखळ्या व दोर बारा महिन्यांतून एकदां तरी तपासावे, असें बंधन १९४८ च्या कारखाना कायद्यानें घातलें होतें. पण दोर कितीही मजबूत असला, तरी टांगलेला भार झोंके घेतोच. माझ्या एका विद्यार्थ्यानें असाच झोंका हातानें थोपवूं पाहिला; भार व भिंत यांच्यामध्यें त्याचीं दोन बोटें गेलीं.

म्हणून जाणते कामगार भाराच्या टोंकाला लांब दोरी बांधतात, दुरून तो वळवितात. जवळ आल्यास लांब दांड्यानें ढकलतात, आणि भाराखालीं कोणी उभें राहत नाहीं. ती दोरी मनगटाला मात्र कधींही गुंडाळूं नये.

नाडा ओझें उचलतो, दुसरी दोरी त्याला वाट दाखविते. विहिरीवरचा हा धडा कारखान्यांत विसरून चालणार नाहीं.