द बँग इयर्स १९६६–१९६८

द बँग इयर्स १९६६–१९६८ हा अमेरिकी गायक-गीतकार नील डायमंड यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांचा संकलित आल्बम आहे. तो कोलंबिया रेकॉर्ड्सने २०११ साली प्रकाशित केला. डायमंड यांनी न्यूयॉर्कच्या बँग रेकॉर्ड्ससाठी गायिलेली २३ गीते त्यात मूळ मोनो स्वरूपात आहेत.

पार्श्वभूमी

ब्रुकलिन येथे १९४१ साली जन्मलेले डायमंड प्रारंभी इतर गायकांसाठी गीते लिहीत. १९६३ साली कोलंबियानेच त्यांची एक सिंगल तबकडी काढली होती. तिला यश लाभले नाही. पुढे गीतकार-निर्माते जेफ बॅरी व एली ग्रीनिच यांच्या साहाय्याने ते बर्ट बर्न्स यांच्या बँग कंपनीत आले. १९६६ साली 'सॉलिटरी मॅन' हे गीत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ५५व्या, तर 'चेरी, चेरी' ६व्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

'शायलो'वरून मतभेद

'शायलो' हे बालपणीच्या काल्पनिक सवंगड्याविषयीचे गीत आहे. ते सिंगल म्हणून निघावे, अशी डायमंड यांची इच्छा होती. कंपनीला मात्र 'चेरी, चेरी'सारखी उडत्या चालीची गीते हवी होती. डिसेंबर १९६७ मध्ये बर्न्स यांचे निधन झाले आणि १९६८ साली डायमंड यांनी युनी रेकॉर्ड्सशी करार केला. १९६९ च्या 'स्वीट कॅरोलाइन'मुळे त्यांची लोकप्रियता वाढल्यावर बँगने जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा बाजारात आणली. १९७० साली 'शायलो' नव्या वाद्यसाथीसह प्रकाशित होऊन २४व्या, तर 'सॉलिटरी मॅन' २१व्या क्रमांकावर पोहोचले. ज्या गीतावरून कलावंत व कंपनी यांच्यात दुरावा आला, त्याच गीताचा कंपनीला अशा रीतीने लाभ झाला.

स्वरूप व महत्त्व

१९८३ साली कोलंबियाने 'क्लासिक्स: द अर्ली इयर्स' या नावाने यांतील निवडक गीते प्रकाशित केली होती. २०११ च्या संग्रहात 'केंटकी वुमन', 'रेड रेड वाइन' यांसारख्या स्वरचित गीतांबरोबरच 'ला बांबा', 'मंडे, मंडे' अशी इतरांची गीतेही आहेत. 'द मंकीज'ने अग्रस्थानी नेलेले 'आय'म अ बिलीव्हर' येथे गीतकाराच्याच आवाजात ऐकावयास मिळते. संग्रहासोबतच्या टिपणात डायमंड यांनी आपल्या उमेदवारीच्या काळाविषयी स्वतः लिहिले आहे. त्या काळी रेडिओवर ही गीते मोनो स्वरूपातच ऐकली जात. त्यामुळे पुढील फेरबदलांपूर्वीचा त्यांचा मूळ नाद जाणून घेण्यास हा संग्रह उपयुक्त ठरतो.

इतर कलावंतांची सादरीकरणे

- 'केंटकी वुमन': डीप पर्पल, १९६८
- 'रेड रेड वाइन': यूबी४०, १९८३
- 'गर्ल, यू'ल बी अ वुमन सून': अर्ज ओव्हरकिल; 'पल्प फिक्शन' (१९९४) या चित्रपटात समाविष्ट
- 'सॉलिटरी मॅन': जॉनी कॅश, २०००