पाच रुपयांचं पाणी

नाणं टाकलं की प्यायला देणारं पहिलं मशीन आमच्या गावात २०१७ च्या उन्हाळ्यात बसलं. चहाचं नव्हे, थंड बाटलीचंही नव्हे, पाण्याचं. पाच रुपयांचं नाणं टाकायचं, बटन दाबायचं, वीस लिटरचा जार भरून मिळायचा. पोरांनी त्याला पहिल्या दिवसापासून 'एटीएम' म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव पडलं. आता माझी नातवंडं विचारतात, "आजोबा, तुमच्या वेळी पाणी फुकट होतं ना?" त्यांना काय सांगावं? पैसे पडत नव्हते हे खरं. पण फुकट होतं म्हणावं, तर तेही खरं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं. माझ्या लहानपणी लातूर जिल्हाच नव्हता, आम्ही उस्मानाबादेत होतो. जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी १९४८ पर्यंत तर निजामाचं राज्य. गावात पिण्याचा आड एकच, मारुतीच्या देवळामागं. रहाट, चऱ्हाट, पोहरा. आडाच्या दगडाला दोराच्या घासणीनं बोट बसेल एवढ्या खाचा पडलेल्या. त्या खाचा बघूनच कळायचं, किती पिढ्यांनी ते पाणी शेंदलं असेल.

पण सगळ्यांनी शेंदलं नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आडापासून चार हात लांब उभ्या राहायच्या. "माय, वाढा की थोडं पाणी," असं म्हणायच्या. कुणाला दया आली तर ती आपल्या पोहऱ्यातलं वरून त्यांच्या घागरीत ओतायची. नाही आली, तर ऊन डोक्यावर येईस्तोवर त्या तशाच. हे मी ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे. १९६० नंतरची गोष्ट सांगतोय मी.

कायद्यानं तेव्हा सगळं झालेलं होतं. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला, पण चवदार तळ्यावर जायची कुणाची हिंमत झाली नाही. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले आणि तळ्याचं पाणी प्याले. त्यावर कोर्टकचेऱ्या होऊन हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. पुढं राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट असं नाव घेऊन लिहिलं, की तिथं कुणाला अडवता येणार नाही. घटनेत विहिरीचं नाव घालावं लागलं, यावरूनच देशातल्या पाणवठ्यांची काय तऱ्हा होती ते समजावं. ती घटना १९५० ला लागू झाली. आमच्या आडापर्यंत यायला तिला आणखी बावीस वर्षं लागली, आणि तीही दुष्काळाचं बोट धरून आली.

बहात्तरचा दुष्काळ माझ्या वयाच्या कुणाला सांगावा लागत नाही. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेन. आडाचा तळ दिसला. आई-बाप खडी फोडायला, आम्ही लेकरं सुकडी खायला. त्याच वर्षी गावात बोअरची गाडी आली. आमच्या काळ्या पाषाणाला भोक पडतं, हे गावानं पहिल्यांदा बघितलं. भोकावर हापसा बसला.

ह्या हापशाची कुळकथा आपल्याच मुलखातली आहे. आधीचे बिडाचे पंप एका घराच्या वापराचे होते. गावानं दिवसभर हापसायला घेतले की महिना-दोन महिन्यांत मोडायचे. जालना आणि सोलापूर इथं मिशनच्या लोकांनी आणि देशी मिस्त्र्यांनी मिळून पोलादाचे दणकट पंप बनवले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढं युनिसेफ आणि सरकारनं 'इंडिया मार्क टू' हापसा तयार केला. तो मग जगभर, पार आफ्रिकेपर्यंत गेला.

हापशावर पहिले काही दिवस कुरबूर झाली. दांडा कुणी धरायचा, आधी धुवून घ्यायचा का. पण आड कोरडा होता आणि हापसा एकच. तहानेपुढं सोवळं फार दिवस टिकलं नाही. नंबर लागला, मागच्या घागरीनं पुढच्या घागरीला ढकललं, भांडणं झाली. पण ती नंबरावरून झाली, जातीवरून नाही. एवढा फरक पडायला लोखंडाचा दांडा पुरला.

हापशाचं पाणी मात्र जड. तुरीची डाळ शिजायची नाही, हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसायचा. आम्ही ते पाणी चाळीस वर्षं प्यालो. तेवढ्या काळात जिल्ह्यात साखर कारखाने झाले, ऊस वाढला, ज्याच्या त्याच्या रानात बोअर झाले. पूर्वी दोनशे फुटांवर लागणारं पाणी पाचशे, सातशे फुटांवर गेलं. जितकं खोल, तितकं खारट. घरात कुणाला मुतखडा झाला की डॉक्टर पहिलं विचारायचे, "पाणी कुठलं पिता?"

मग २०१६ साल आलं. मांजरा धरण आटलं. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी घेऊन. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांबून आलेलं पाणी. ती बातमी देशभर गेली. आमच्या गावात त्या वर्षी पिकअपमधून जार यायला लागले. वीस लिटरला वीस रुपये, लग्नसराईत तीस. पाण्याला भाव असतो हे गावानं त्या उन्हाळ्यात शिकून घेतलं.

त्याच सुमाराला चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीकडे यायला लागला होता. ग्रामसभेत पाण्याच्या शुद्धीकरणाचं मशीन घ्यायचं ठरलं. किंमत ठरली, खोली ठरली, अडलं ते दरावर. एकजण उठला, "गावच्या बोअरचं पाणी गावालाच विकता व्हय?" दुसऱ्यानं विचारलं, "लाइटबिल कोण भरणार, तुमचा आज्जा?" दोघांचंही बरोबर होतं, म्हणून सभा लांबली. पाच रुपयाला वीस लिटर यावर शेवटी मिटलं. नफा नको, खर्च निघावा.

मशीन बसवायला आलेल्या पोरानं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. आत एक पडदा असतो. पंपाच्या दाबानं पाणी त्यातून ढकलायचं. पाणी पलीकडं जातं, क्षार अलीकडं राहतात. असा कामाचा पडदा अमेरिकेत १९६० च्या सुमाराला लोब आणि सौरिराजन या दोघांनी पहिल्यांदा बनवला. त्यातले सौरिराजन मूळचे आपल्या भारतातले. पण जेवढं गोड पाणी मिळतं, निदान तेवढंच खारट पाणी बाहेर पडतं. ते आम्ही गटारीला जाऊ दिलं नाही. एक हौद बांधून त्यात सोडलं, भांडीधुण्याला आणि गाड्या धुवायला.

सुरुवातीचे दोन-तीन महिने मशीननं सगळ्या गावाची करमणूक केली. पहिला घोळ नाण्याचा. पाचाची जुनी नाणी जाड, नऊ ग्रॅमची. नवी पिवळसर, सहा ग्रॅमची. मशीन नवं नाणं घ्यायचं, जुनं थुंकून टाकायचं. लोक चिडायचे, "सरकारचंच नाणं हाय, ह्याला का चालंना?" किराणा दुकानात पाचाची नाणी मिळेनात, सगळी एटीएमच्या पेटीत जायची आणि पेटी आठवड्यानं उघडायची. मग रोज संध्याकाळी पेटी उघडून नाणी दुकानदाराला द्यायची आणि नोटा घ्यायच्या, असा पायंडा पडला. पोरांनी वायसर टाकून बघितले. दोन-चार आत गेलेसुद्धा. लाइट गेली की जार अर्धा भरून थांबायचा, नाणं मात्र पोटात. त्यासाठी एक वही ठेवली. ज्याचं पाणी राहिलं त्याचं नाव लिहायचं, लाइट आली की भरून द्यायचं. मशीन आलं तरी वही सुटली नाही.

हे नाण्याचं यंत्र आजकालचं असेल असं मला वाटलं होतं. शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, ते दोन हजार वर्षांचं जुनं आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा एक ग्रीक कारागीर-पंडित होऊन गेला. त्यानं देवळासाठी असं यंत्र लिहून ठेवलंय. वरून नाणं टाकलं की ते आतल्या तराजूसारख्या दांडीच्या टोकावर पडायचं. दांडी एकीकडं झुकायची, दुसरीकडची झडप उचलली जायची आणि देवाचं पाणी वाहायचं. नाणं घसरून खाली पडलं की झडप बंद. म्हणजे जगातलं नाण्यावरचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं मशीनही पाण्याचंच. आणि नाणं पाच द्राख्मांचं! तिथंही पाच, आमच्याकडंही पाच. गुरुजी म्हणाले, "तात्या, वजनावर चालायचं ते. वायसर तिथंही चालला असता."

गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. वस्तीतली एक म्हातारी रोज सकाळी नातवाला घेऊन जार भरायला यायची. तिच्या घरी नळ होता, हापसाही जवळ होता. मी एकदा विचारलं, "मावशी, एवढ्या लांब कशाला येता? जरा वेळानं पोरगा आणून दिल की." ती म्हणाली, "तात्या, माझ्या सासूनं जल्मभर पदर पसरून पाणी मागितलं. मीबी मागितलं. हितं मी बटन दाबते. हे मशीन माझ्या तोंडाकडं बघत न्हाई." मला पुढं बोलता आलं नाही. आडाजवळ रिकामी घागर घेऊन उभ्या राहणाऱ्या त्या बायकांमधली ही एक होती, आणि मी तेव्हा शाळेत जाताना तिथून रोज जायचो.

पण मशीन तोंडाकडं बघत नाही, याची दुसरी बाजूही आम्हाला त्याच वर्षी दिसली. ऊसतोडीची एक टोळी गावाच्या शिवारात उतरली होती. उचल घेऊन आलेली माणसं, हातात रोकड नाही. त्यातली एक बाई कडेवर लेकरू घेऊन मशीनपुढं उभी राहिली. पाण्याची तोटी समोर, पण खिशात नाणं नाही. दुकानदाराला उधार मागता येतं, शेजारणीला हात पुढं करता येतो. मशीनला काय सांगणार? आडाजवळ निदान कुणाला तरी दया यायची. इथं दया यायला माणूसच नव्हता.

पुढच्या ग्रामसभेत आम्ही काहीजणांनी हा विषय काढला. म्हणणं एवढंच, की जार विकत द्या, पण प्यायचं पाणी अडवू नका. उन्हाळ्यात पाणपोई घालणारा आपला मुलूख आहे. रांजण भरून ठेवणाऱ्याला पुण्य लागतं असं सांगत आपण मोठे झालो. पंचायतीच्या दारात तहानलेला माणूस परत जातो, हे काय बरं दिसतं? विरोध झाला. "फुकट म्हटलं की बाटल्या घेऊन रांग लागेल." त्यावर असं ठरलं, की खोलीच्या बाहेरच्या भिंतीला एक नळ काढायचा, दाबून धरला तरच वाहणारा. ओंजळीनं प्या, तांब्यानं प्या, लेकराला पाजा, पैसे नाहीत. जार भरायचा तर नाणं. बाटल्या भरणारे निघालेच, पण हिशोबात तोटा आला नाही. पुढं पुढं पाण्याला येणाऱ्या बायकाच तो नळ पुसून ठेवायला लागल्या.

२०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं. माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी, घरोघरी नळ, अशी योजना. आमच्या गावात नळ आले, पाणी दिवसाआड येतं, वापराला पुरतं. पिण्याला लोक अजून एटीएमवरच जातात. पडदा दोनदा बदलला, नाण्याची पेटी तीनदा. कार्डही निघालं, पण म्हाताऱ्या माणसांना नाणंच बरं वाटतं.

मला काळजी मशीनची नाही. ते बिघडलं तर दुरुस्त होईल, नाहीतर नवं येईल. पण मशीन काय, नळ काय, हापसा काय आणि माझ्या रानातला ऊस काय, सगळे एकाच जमिनीतून पितात. दर उन्हाळ्यात गावच्या बोअरमध्ये दोरी सोडून पाणी किती खाली गेलं ते आम्ही मोजतो आणि पंचायतीच्या फळ्यावर लिहितो. ज्यांनी ऊस कमी करून तूर-सोयाबीन वाढवली, त्यांची नावंही तिथंच लिहितो. माझं नाव तिसऱ्या वर्षापासून आहे. हापशाच्या साखळीला वर्षातून दोनदा ग्रीस लावतो. लाइट चार दिवस गेली तर गाव त्याच्यावरच येणार आहे.