होशंगाबादच्या प्रयोगशाळा



आपल्या धर्मग्रामाच्या शाळेची हकीकत ह्या स्मरणिकेंत अन्यत्र आलेलीच आहे. ती वाचीत असतां मला एका दूरच्या जिल्ह्यांतील शाळांचें स्मरण झालें. त्यांचा इतिहास येथें थोडक्यांत सांगतों.

मध्यप्रदेशांत नर्मदेच्या दक्षिणेस होशंगाबाद जिल्हा आहे; २०२२ पासून त्याचें नांव नर्मदापुरम्. सातपुड्याकडील भागांत गोंड व कोरकू लोकांची वस्ती. १९७२ सालीं किशोर भारती ही संस्था आणि रसूलिया येथील क्वेकर पंथीयांचें फ्रेंड्स रूरल सेंटर ह्यांनीं, राज्यसरकारच्या अनुमतीनें, तेथील १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकविण्याची नवी रीत सुरू केली. दिल्ली विद्यापीठ व टाटा मूलभूत संशोधन संस्था ह्यांतील विद्वान् मंडळी खेड्यांतील मास्तरांच्या बरोबरीनें त्या कामास लागली.

त्यांच्या "बाल वैज्ञानिक" पुस्तकांत तयार उत्तरें नसत. चार चार मुलांनीं मिळून प्रयोग करावा, दिसेल तें वहींत लिहावें, मग वर्गांत वाद घालावा. फूल उकलावयास सुई नसली तर बाभळीचा कांटा चाले. १९७८ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्यांतील तरुण इंजिनियर श्री. अरविंद गुप्ता रजा घेऊन तेथें गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे व आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनीं भूमिति मुलांच्या हातीं दिली. काड्यांचा चौकोन बोटानें दाबला कीं कलतो, त्रिकोण मात्र आपला आकार सोडीत नाहीं. छपराच्या कैचींत त्रिकोण कां, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं. (आम्हीं शाळेंत प्राणवायु फळ्यावरच पाहिला, हें कबूल केलें पाहिजे.)

परीक्षा तर पुस्तक उघडें ठेवून द्यावयाची, आणि प्रयोगहि करून दाखवावयाचा! मुलांच्या शंकांना "सवालीराम" नांवाचा काल्पनिक गृहस्थ पत्रानें उत्तर देई.

१९७८ मध्येंच ही रीत जिल्ह्यांतील अशा सर्व शाळांना लागू झाली. १९८२ सालीं स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनें ती इतर जिल्ह्यांतहि नेली. परंतु ह्या मुलांना दहावींत गुण कमी पडतात, असा आक्षेप निघाला. पाठांतर मोजणाऱ्या परीक्षेवरून असा निवाडा करणें मला न्याय्य वाटत नाहीं. तथापि आईबापांची चिंताहि खोटी नव्हती, नोकरी त्या गुणांवरच मिळावयाची. २००२ सालीं राज्यसरकारनें हा कार्यक्रम बंद केला. श्री. गुप्ता ह्यांनीं पुढें पुण्याच्या आयुका संस्थेच्या बालविज्ञानकेंद्रांत तसलींच खेळणीं अनेक वर्षें मुलांना करून दाखविलीं. होशंगाबादच्या मुलांच्या हातीं मात्र पुन्हां नेहमींचें पाठ्यपुस्तक आलें.