स्वायत्त महाविद्यालयाची कुळकथा

भारतातील स्वायत्त महाविद्यालयाचे मूळ परीक्षेच्या मालकीत आहे. १८३६ मध्ये सनद मिळालेले लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. कॉलेजांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती वाटणी होती. वुडच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने हाच साचा भारतासाठी निवडला. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याहून जुने असलेले एल्फिन्स्टन कॉलेजही त्याच्या परीक्षेला बांधले गेले. अभ्यासक्रम एकाने ठरवायचा, शिकवायचे दुसऱ्याने, ही संलग्नतेची पद्धत पुढे देशभर रुजली.

लंडनने ही पद्धत पुढे सैल केली. इथे मात्र ती घट्ट झाली. व्हाइसरॉय कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांच्या अधिसभेची सदस्यसंख्या पन्नास ते शंभर ठेवली. त्यांत निवडून येणारे थोडे, सरकारने नेमलेलेच बहुसंख्य. संलग्न कॉलेजांवर तपासणीही आली. विद्यापीठे सरकारी खाते होतील, म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी या कायद्याला कडाडून विरोध केला. चौकटीबाहेरचा मार्ग धोंडो केशव कर्वे यांनी दाखवला. त्यांचे १९१६ चे महिला विद्यापीठ मराठीतून शिकवत होते आणि सरकारी मान्यता नसताना स्वतःच्या पदव्या देत होते. वैधानिक मान्यता १९५१ मध्ये मिळाली. या कुळातले खरे स्वायत्त घराणे तेच म्हणावे लागेल.

कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये चांगल्या कॉलेजांना स्वायत्तता देण्याची शिफारस केली. ती प्रत्यक्षात यायला १९७८ उजाडले. मद्रासचे लॉयोला कॉलेज पहिल्या काही कॉलेजांपैकी एक. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर अशी पाचशे कॉलेजे करण्याचे लक्ष्य ठरले, पण विस्तार रेंगाळला. मुंबईच्या सेंट झेवियर्सला स्वायत्तता मिळाली ती २०१० मध्ये.

या व्यवस्थेत अभ्यासमंडळ, विद्या परिषद आणि नियामक मंडळ कॉलेजचे असते. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, मूल्यमापन आणि निकालही कॉलेजचाच. पदवी मात्र विद्यापीठ देते. शिवाय अनुदानित कॉलेजात पगार आणि शिक्षकपदांची मंजुरी सरकारच्या हाती राहते. म्हणजे १८५७ च्या वाटणीतली परीक्षा परत मिळाली, पदवी आणि पैसा राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पंधरा वर्षांत संलग्नताच टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरवले आहे. त्यानंतर कॉलेजाने एकतर स्वतः पदवी द्यायची, नाहीतर विद्यापीठाचे घटक व्हायचे.