डिस्क ‘बेंड’ झाली म्हणतात, ती खरंच वाकते का?

मंडळी, आज पिकाबद्दल नाही, पिकअपबद्दल लिहितोय. माल बाजारात नेणारी आणि आपल्याला घरी आणणारी तीच आहे.

पुण्याहून सरकी पेंड भरून बोरघाट उतरलो. घाट संपल्या संपल्या खोपोलीत गाड्यांची रांग. पाच मिनिटं ब्रेक दाबून तसाच उभा होतो. पुढे पेण, नागोठणे करून निडीला घरी. दुसऱ्या दिवसापासून साठच्या वर ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरायचं आणि पेडल पायाला धक्के द्यायचं. गॅरेजवाला म्हणाला, डिस्क बेंड झाली. लेथवर फेस मारून आणली. दीड महिन्यात परत तेच. नवीन डिस्क टाकल्या, तरी काही दिवसांनी थरथर आलीच. मग मात्र हा ब्रेक नावाचा प्रकार मुळापासून वाचायला घेतला.

सुरुवात आपल्या घाटापासूनच करावी लागते. बोरघाटात चाकाच्या गाड्यांसाठी नीट रस्ता झाला तो 1830 साली, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून चढायचा-उतरायचा. चाकं आली आणि नवीच अडचण आली: चढवायला बैल आहेत, उतरताना धरायचं कशानं? पुढे 1863 मध्ये रेल्वे घाटातून गेली. 37 फुटाला एक फूट असा उतार. सगळ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक तेव्हा नव्हते, हातानं आवळायचे ब्रेक होते. म्हणून त्या लोकांनी ब्रेकवर भरवसाच ठेवला नाही. वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं पुढे जायची. ते 1929 साली बंद झालं. पण ‘कॅच सायडिंग’ची पद्धत राहिली. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा आधीपासून चढावर जाणाऱ्या आडमार्गाकडे लावलेला असतो. गाडी आधी थांबून दाखवते, मगच तिला खालची वाट मिळते. ब्रेक गेलेली गाडी आपोआप चढावर जाऊन अडते. ब्रेक कधीतरी दगा देणारच हे धरून केलेली रचना आहे ही. मला तरी घाटातल्या बोगद्यांपेक्षा तिचं कौतुक जास्त वाटतं.

ब्रेकच्या लायनरची गोष्ट तर गाडीवानांचीच आहे. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं बघितलं की घोडागाडीवाले उतारावर लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकतात, म्हणजे पकड चांगली येते. त्यावरून त्यानं 1897 मध्ये ब्रेकचं अस्तर बनवायला घेतलं. फेरोडो ही कंपनी त्याचीच. डिस्क ब्रेकचं पेटंट लँचेस्टर यांनी 1902 मध्ये घेतलं होतं, पण त्यात तांब्याचे पॅड होते, ते किंचाळायचे, त्यामुळे ते चाललं नाही. नाव झालं ते 1953 साली. डिस्क ब्रेकवाल्या जग्वारनं फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ड्रम तापला की फुगून लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली बसतं. डिस्क तापली तर पॅडकडेच फुगते, आणि उघडी असल्यानं लवकर निवते. म्हणून आपल्या पिकअपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम.

आता उष्णतेचा हिशेब बघा. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा, खंडाळा ते खोपोली साधारण पाचशे मीटर उतरायचं. एवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते ती चार युनिट विजेएवढी. तीन एचपीची मोटर दीड तास चालेल इतकी! गिअरनं धरलं नाही तर यातली बरीचशी त्या लोखंडाच्या चकत्यांत जाते.

मग डिस्क वाकते का? अमेरिकेतले रेसिंग इंजिनिअर कॅरोल स्मिथ यांनी लिहून ठेवलंय की आयुष्यभरात खरोखर वाकलेली डिस्क त्यांना दिसलीच नाही. होतं काय, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की पॅडचा माल त्या जागी चिकटतो. ठसाच म्हणा. तिथे पकड वेगळी, तिथे जास्त तापतं आणि ठसा वाढत जातो. फारच तापलं तर बिडाची रचना बदलून कडक डाग पडतात. हे डाग खोलवर असतात, वरवर फेस मारून पूर्ण जात नाहीत. माझी थरथर परत आली ती बहुतेक यामुळेच.

आणि नवीन डिस्कवर परत का आली? चाक काढून बघितलं तर हबच्या तोंडावर गंजाची खपली. त्यावर डिस्क बसवली की ती सरळ असूनही डुलत फिरते, दर फेरीत एकाच जागी पॅडला घासते आणि हळूहळू जाड-पातळ होते. मायक्रोमीटरनं आठ जागी मोजली. दोन शतांश मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवतो. आपल्याकडे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की पॅडखाली गंज धरतो, तो वेगळाच.

तेव्हा डिस्क फेकायच्या आधी मेकॅनिकला हब तारेच्या ब्रशनं साफ करायला लावा, डायल गेज लावून डोल बघा, कॅलिपर मोकळा सरकतो का बघा, चाकाचे नट समोरासमोर आणि सारखे आवळायला सांगा. फेस मारायचाच असेल तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी आधी वाचा. तिच्याखाली गेलेली डिस्क भंगारात. नवीन पॅड टाकले की मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरापर्यंत वेग दहाएक वेळा उतरवा, पूर्ण थांबू नका, मग निवू द्या. जुन्या लायनरची धूळ हवेनं उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

घाटात दुसरा-तिसरा गिअर, न्यूट्रल कधीच नाही. खाली उतरून थांबायची वेळ आली तर मी आता पेडल सोडतो, हँडब्रेक ओढतो (तो मागच्या ड्रमला लागतो) आणि पोराला उतरवून चाकाखाली दगड लावायला सांगतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.