काचेपलीकडचा श्रोता : जी. एन. जोशी

बडोद्याहून भरुचकडे निघालेल्या आगगाडीस वाटेत मियागाम करजण हे स्थानक लागते. येथूनच डभोईकडे जाणाऱ्या गायकवाड सरकारच्या अरुंद रुळांवर १८६२ साली बैलांनी ओढलेले डबे धावू लागले. मालाची ने-आण सुलभ झाली खरी. परंतु दरबारचे गाणे दरबारातच राहिले. करजणसारख्या तालुक्याच्या गावी कीर्तन-भजनाचे स्वर कानी पडत. उस्तादांची मैफल मात्र तेथील सामान्य रहिवाशास दुर्लभ होती.

बडोद्यास १८८६ साली गायनशाळा काढणारे मौलाबक्ष १८९६ साली निवर्तले. आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कलकत्त्यास. सहाच वर्षांचे हे अंतर! त्यांची स्वरलिपी आपणांस वाचता येते, आवाज मात्र कायमचा हरपला. गाणे टिकण्यास गवई जसा लागतो, तसा ते टिपून ठेवणाराही लागतो. ह्या दुसऱ्या माणसाची आठवण मात्र क्वचितच निघते.

जी. एन. जोशी हे असे गृहस्थ. शिक्षण वकिलीचे, ओढा गाण्याकडे. ना. घ. देशपांडे ह्यांच्या ‘शीळ’ ह्या कवितेच्या त्यांनी गाइलेल्या तबकडीने मराठी भावगीतास घरोघर नेले. १९३८ साली ते मुंबईस ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीत रुजू झाले आणि गायक होते ते गायकांचे यजमान झाले.

हे यजमानपद सोपे नव्हते. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत. जो राग आळवावयास बुजुर्गास तास पुरत नसे, तो एवढ्या अवकाशात कसा बसवावयाचा? काय गाळावे, बंदिश कोठे धरावी, तान कोठे आवरावी, हे ठरविताना कलावंताचा मानही राखावा लागे. यंत्रापुढे गाण्याची नाखुषी अनेक थोरांस होती. अशा वेळी समोरचा मनुष्य स्वतः गाणारा असणे ही केवढी सोय! बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर, बडोद्याचे नाव आडनावात वागविणाऱ्या हिराबाई बडोदेकर, अशा कलावंतांचा सहवास त्यांस ह्याच कामात लाभला. ‘स्वरगंगेच्या तीरी’ ह्या आठवणींच्या ग्रंथात त्याचे रसाळ वर्णन आहे.

विलायतेतील जॉर्ज मार्टिन हेही ह्याच ई.एम.आय. उद्योगसमूहाच्या छत्राखालचे. १९६२ पासून बीटल्स ह्या लिव्हरपूलच्या चौघा तरुणांच्या तबकड्यांस त्यांनी आकार दिला, आणि निर्माता म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. जोशींची कीर्ती तेवढी पसरली नाही. पण माझ्या मते त्यांची कसोटी अधिक कठीण होती, कारण त्यांस घडीव परंपरेला धक्का न लावता नवे करावयाचे होते.

ते त्यांनी केलेही. दीर्घ तबकडी आल्यावर एका बाजूस वीस मिनिटांचा अवकाश मिळाला. १९६७ च्या सुमारास शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार त्यांनी एकत्र आणली. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत, ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या तबकडीत उभा राहिला. शब्द एकही नाही. दरबार तर तोवर विलीन झाले होते. पण हे वादन ऐकावयास कोणाच्या आमंत्रणाची गरज उरली नव्हती, करजणास नाही आणि लंडनलाही नाही.